दाराबाहेरचा कान

गेल्या एकतीस वर्षांत धम्मपालनं टॉकीजमधला एकही पिक्चर पहिल्या दिवशी पाहिला नव्हता. डोअरकीपरच्या नोकरीत हे जरा विचित्रच, पण तो त्याचा नेम होता. शुक्रवारी पहिल्या शोला लोकांना बॅटरी दाखवून बसवायचं, दार ओढून घ्यायचं, बाहेरच्या लोखंडी स्टुलावर बसायचं आणि दाराच्या फळीला डावा कान लावायचा. पडद्यावर काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नसायचं. तो ऐकायचा माणसं.

शिट्टी बाल्कनीतनं पडली की खालनं. खुर्च्या कितीदा आपटल्या, म्हणजे कंटाळून किती जण उठले. हिरो आल्यावर नुसता आरडाओरडा, की पायही आपटतात. "कोल्हापूरचं पब्लिक हाय, पोटात काय ठेवत न्हाई," असं तो म्हणायचा. शो सुटला की वर मालकांच्या केबिनमध्ये जायचं आणि एकच वाक्य बोलायचं. "तीन आठवडे, मालक." नाहीतर, "सोमवारपतोर, त्ये बी कसंबसं." टॉकीजचे मालक धैर्यशीलराव त्या वाक्यावर पुढचा पिक्चर ठरवायचे. धम्मपालचा कान आजवर दोनदाच चुकला होता, आणि त्यातल्या एकदा त्याला सर्दी झाली होती.

या शुक्रवारी मात्र आत पडद्यावर त्याची पोरगी होती.

निशा नाटक शिकायला पुण्याला गेली त्याला सात वर्षं झाली. तीन नाटकं झाली, दोन मालिका झाल्या, त्यातल्या एकीत ती फक्त चहाचा ट्रे ठेवून जायची. आणि आता हा पिक्चर, 'औषधाची वेळ'. मुरगूडच्या एका शाळेतल्या बाईंनी लिहिलेल्या कादंबरीवरचा. एक म्हातारा बाप, त्याला सांभाळणारी एकुलती एक लेक. बापाला हळूहळू वाटायला लागतं, ही मला औषध म्हणून दुसरंच काहीतरी देतेय. लेक खरी की बापाचं डोकं फिरलंय, हे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. धम्मपालनं कादंबरी चाळीस पानांपर्यंत वाचली आणि कपाटात चादरींच्या खाली ठेवून दिली. त्यातला म्हातारा रोज संध्याकाळी साडेपाचला बीपीची गोळी घ्यायचा. धम्मपालही साडेपाचलाच घ्यायचा. निशा घरी असली की गोळी आणि पाण्याचा तांब्या तीच घेऊन यायची.

कादंबरीत लेक बापाला 'बाबा' म्हणते. निशानं दिग्दर्शकाला सांगून ते 'आबा' करून घेतलं होतं. "तोंडात बसतंय माझ्या," असं म्हणाली होती.

परवाच्या फोनवर ती आईला, मीनाबाईला, आणखी काहीतरी म्हणाली होती, आणि ते धम्मपालच्या डोक्यातून जात नव्हतं. "आई, ह्यो पिच्चर आपल्या गावात आठवडाभर जरी टिकला न्हाई ना, तर मी सामान घेऊन परत येते. शाळेत लागते. बास झालं." चिडून म्हणाली असती तर त्यानं मनावर घेतलं नसतं. ती अगदी शांतपणे म्हणाली होती.

शुक्रवारी सकाळी धैर्यशीलरावांनी त्याला जिन्यातच गाठलं.

"धम्मपाल, दक्षिणेतला मारामारीचा पिच्चर तयार हाय माझ्याकडं. उद्यापास्नं लावतो म्हटलं तरी डिस्ट्रिब्युटर देत्यात. आता बोल, आज तुझ्या कानाचं ऐकायचं का न्हाई? पोरगी तुझी हाय."

"पोरगी माझी हाय मालक. कान टॉकीजचा हाय."

"बघ हां."

"बघायचं कुठं, ऐकायचं हाय," असं तो म्हणाला खरा, पण बॅटरीचं बटण दाबताना त्याचा अंगठा घसरत होता.

बाराचा शो निम्म्याच्या वर भरला. त्यानं दार ओढलं, स्टूल ओढलं, कान लावला. संगीत. मग निशाचा आवाज, फळीतून गाळून आल्यासारखा, पण तिचाच. "आबा, औषधाची वेळ झाली."

आणि आत काहीच नाही.

शिट्टी नाही, हसू नाही, "अगं ए" नाही. धम्मपालनं कान बदलला. उजव्यालाही तेच. दहा मिनिटांनी पुन्हा तेच वाक्य, या वेळी जरा हळू. पुन्हा काही नाही. एखादा पिक्चर पडतो तेव्हासुद्धा लोक काहीतरी करतात. जांभया देतात, फोनवर बोलतात, "बंद करा की राव" म्हणून ओरडतात. हे त्याहून वाईट होतं. त्याला एकदम स्वतःच्या मानेवरचा घाम जाणवला.

इंटरवलला त्यानं दारं उघडली आणि सवयीनं बाजूला झाला. बाहेर आले जेमतेम पंधरा जण, तेही सरळ मुतारीकडं. कँटीनवाला पिराजी वड्यांची दुसरी परात मांडून उभा होता.

"धम्मूदा, पब्लिक कुठाय?"

"हाय आत."

"आत काय करतंय? झोपलंय?" पिराजीनं परातीवर फडकं टाकलं. "वडा खायाला बी उठत न्हाईत म्हंजे अवघड हाय बाबा. आपल्या निशीचा पिच्चर म्हणून मी जास्तीचं पीठ भिजवलं हुतं."

धम्मपालनं परतून दाराकडं पाहिलं. आत डोकावून बघावं असं एकदा मनात आलं. पण नेम होता. शिवाय पडद्यावर त्या अवतारात निशा दिसेल, आणि समोर खुर्चीत तो म्हातारा, ही भीती होतीच. त्यानं दार ओढून घेतलं.

दुसऱ्या अर्ध्यातही तेच. शेवटाला तर असं सुन्न झालं, की प्रोजेक्टरचा पंखा ऐकू यायला लागला. शो सुटला. लोक एकमेकांशी न बोलता बाहेर पडले. त्यानं एका ओळखीच्या रिक्षावाल्याला अडवलं.

"काय पावणं, कसा हाय?"

रिक्षावाल्यानं त्याच्याकडं बघितलं, तोंड उघडलं, मिटलं. "आलो आईकडं जाऊन," म्हणाला आणि निघून गेला. मलकापूरहून आलेले एक मास्तर हातात कादंबरी घेऊनच आले होते. ते बायकोला म्हणत होते, "पुस्तकात शेवट असा नाही. पुस्तक वाचून निदान रात्री झोप तरी लागते." बायको त्यांचा हात धरून पायऱ्या उतरत होती.

म्हणजे पुस्तकाचीही वाट लावली, असं धम्मपालनं धरलं.

वर केबिनमध्ये जाताना तो जिन्यात दोनदा थांबला. आपली पोरगी म्हणून दोन दिवस वाढवून सांगावं का? सोमवारपर्यंत? पण एकतीस वर्षांत त्यानं मालकाला एकदाही खोटं सांगितलं नव्हतं, आणि आज सांगितलं तर उद्यापासून त्याच्या कानाला किंमत नाही.

"न्हाई, मालक," तो म्हणाला. "जीवच न्हाई."

धैर्यशीलरावांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग समोरच्या स्क्रीनकडं बोट केलं. तिथं आतल्या कॅमेऱ्याचं चित्र दिसायचं. "मी बी बघत हुतो. सगळी मुंडकी जागच्या जागी. झोपलेत बघ. वाईट वाटतंय रे, पण काय करू." आणि त्यांनी फोन उचलला.

जिन्यात निशाचा फोन आला. "आबा, कसं वाटतंय पब्लिकला?"

"बघूया," तो म्हणाला.

"बघूया म्हंजे?"

"तू कवा येतीस?"

"साडेपाचला आईबरोबर. सहाच्या शोला. आबा, बघूया म्हंजे काय?"

"दार लावायचं हाय," म्हणून त्यानं फोन ठेवला. दार लावायला अजून वीस मिनिटं होती.

तीनच्या शोच्या रांगेत त्याला बाराचा रिक्षावाला दिसला. बरोबर बायको आणि भाऊ. त्याच्या मागं चिमणाबाई. टॉकीजच्या कोपऱ्यावर ती गजरे विकायची, आणि शुक्रवारचा पहिला शो मालकांच्या ओळखीवर बघायची. एकच पिक्चर तिनं दोनदा कधीच बघितला नव्हता.

"आता कशाला परत?" धम्मपालनं विचारलं.

"बघू दे मला नीट," चिमणाबाई म्हणाली. ती त्याच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. "दुपारी सासूला गोळी द्यायला घरी गेले. म्हातारीनं हात पुढं केला आन माझाच हात थरथराय लागला. म्हटलं, ही काय म्हणत असंल मनात? तीस वर्षं देतीया मी गोळी. आज तिच्याकडं बघून दिली न्हाई. ताटलीत ठिवली आन आले."

"मग आवडला न्हाई न्हवं?"

"आवडायचं काय त्यात? तुझी पोरगी हाय व्हय रे ती?" तिनं तिकीट त्याच्या हातात कोंबलं आणि अंधारात गेली.

धम्मपाल स्टुलावर बसला. कान लावला. "आबा, औषधाची वेळ झाली." आत काहीच नाही. पण या वेळी त्याला ते 'काहीच नाही' निराळं वाटलं. चारशे माणसांत एकालाही खोकला येऊ नये? दम्यानं बेजार झालेला रिक्षावाला आत होता, तो दार ओलांडतानाच खोकत होता. त्याचा खोकला कुठं गेला?

बाहेर शिडी आपटल्याचा आवाज झाला. फ्लेक्सवाले आले होते. निशाचा चेहरा उतरवून त्या जागी मारामारीवाल्याचा लावणार होते.

तो उठला आणि एकतीस वर्षांचा नेम मोडून दार जरासं उघडून आत शिरला.

आधी त्यानं पडद्याकडं पाहिलंच नाही. भिंतीला पाठ लावून माणसं पाहिली. पडद्याच्या निळसर उजेडात रांगाच्या रांगा दिसत होत्या. कुणी टेकून बसलेलं नव्हतं. सगळे खुर्चीच्या कडेवर, मान पुढं. रिक्षावाल्यानं रुमालाचा बोळा तोंडात धरला होता. खोकला आवरत होता तो. एका माणसाच्या हातात शेंगदाण्याचा पुडा होता, उघडलेला, एकही दाणा न खाल्लेला. चिमणाबाईनं शेजारच्या अनोळखी बाईचं मनगट पकडलं होतं, आणि त्या बाईनं ते पकडू दिलं होतं.

मग त्यानं पडद्याकडं पाहिलं. निशा ग्लासात पाणी ओतत होती. हसत होती, अगदी घरी हसते तशी. ग्लास तिनं म्हाताऱ्यापुढं धरला, आणि धम्मपालचा हात आपोआप शर्टाच्या खिशावर गेला, गोळीच्या पाकिटावर. त्याला जोरात श्वास घ्यायचा होता, पण अख्ख्या टॉकीजमध्ये आवाज होईल म्हणून त्यानं तो घेतला नाही.

पाच मिनिटांनी तो केबिनमध्ये होता.

"मालक, मी चुकलो."

धैर्यशीलरावांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"झोपलं न्हाईत ते. घाबरल्यात. हलायचं धाडस न्हाई कुणाला. इंटरवलला बी उठत न्हाईत ते तेवढ्याचसाठी. बाराचं लोक परत आल्यात, घरच्यांना घेऊन."

"दुपारी जीव न्हाई म्हणालास."

"म्हणालो."

"आणि आता निशा यायच्या टायमाला आला व्हय जीव?"

ते रागानं म्हणाले नव्हते. त्यानंच धम्मपालला जास्त लागलं. तो एवढंच म्हणाला, "माझं ऐकू नगा. तुम्ही खाली या. एकदा उभं ऱ्हावा तिथं."

"मी आता शब्द दिलाय रे त्यांना," धैर्यशीलराव म्हणाले आणि खुर्चीतून हलले नाहीत.

साडेपाचला शो सुटला. लोक तसेच मुके बाहेर येत होते, आणि त्याच वेळी समोरच्या फाटकातून निशा आत आली. साधा सुती कुर्ता, खांद्याला झोळी, मागं मीनाबाई. पहिल्यांदा रिक्षावाल्याच्या बायकोनं तिला ओळखलं. ती दोन पावलं मागं सरली. मग बाकीचेही सरले. गर्दीच्या मधोमध वाट झाली आणि त्या वाटेत निशा एकटी उभी राहिली.

"आबा," ती जवळ येऊन हलकेच म्हणाली. "लोक असं का बघाय लागलेत? पडला ना?" तिची नजर बाहेरच्या शिडीवर गेली. वर चढलेला माणूस तिच्याच फ्लेक्सची दोरी सोडत होता. "पडलाच की."

"निशा, मी दुपारी मालकास्नी चुकीचं सांगितलं," धम्मपाल म्हणाला. "मला कळलंच न्हाई. मी आत गेलोच नव्हतो."

ती त्याच्याकडं बघत राहिली. त्याचं घामेजलेलं कपाळ, खिशावरचा हात तिनं पाहिला, आणि पूर्वीच्या सवयीनं झोळीतून पाण्याची बाटली काढली. दुसरा हात पुढं केला, पाकिटासाठी. त्यानं ते दिलं. तिनं पाकीट फोडून गोळी तळहातावर घेतली.

"साडेपाच वाजून गेले आबा. गोळी घ्या."

सगळा व्हरांडा गप्प झाला. पिराजीचा झारा तेलावर थांबला. चिमणाबाईनं पदर तोंडात धरला. शिडीवरच्या माणसानं दोरी सोडायचं थांबवून खाली पाहिलं. दीडशे-दोनशे माणसं, आणि फक्त कढईतल्या तेलाची चरचर. जिन्याच्या मधल्या पायरीवर धैर्यशीलराव कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. त्यांचा हात कठड्यावर आवळलेला होता.

धम्मपालनं गोळीकडं पाहिलं. मग लेकीकडं. एक क्षण, खरंच एकच क्षण, त्याचा हात पुढं गेला नाही.

मग त्यानं गोळी तोंडात टाकली, तो पाणी प्यायला, आणि पूर्ण घोट गळ्याखाली जाईपर्यंत कुणी हललं नाही. रिक्षावाल्याला कधीचा अडवलेला खोकला एकदम आला. त्याच्याबरोबर सगळेच हलले, बोलायला लागले, कुणी हसलं, पिराजीनं झारा तेलात घातला.

"ए," धैर्यशीलराव जिन्यातून म्हणाले, शिडीवरच्या माणसाला. त्यांचा आवाज जरा चिरकला. "बांध ती दोरी परत. बांध म्हणतो न्हवं. त्यांना मी फोन करतो."

निशानं ते ऐकलं, पण ती वळली नाही. बाटलीचं झाकण लावत ती धम्मपालकडं बघत होती.

"आबा, तुम्ही थांबलासा."

"कुठं?"

"गोळी घेताना. थांबलासा की."

"न्हाई," धम्मपाल म्हणाला. मग जरा वेळानं, "सहाच्या शोला लोक यायला लागल्यात. दार उघडू दे मला."

तो बॅटरी घेऊन दारापाशी गेला. स्टूल त्यानं पायानं बाजूला सारलं.