तिला विचारलंत का?

"तिला विचारलंत का?" समोरच्याचे वाक्य अर्ध्यावर तोडून बाई हा प्रश्न टाकीत आणि चष्मा कपाळावर सरकवीत. खेळाडूचा बाप असो, प्रशिक्षक असो, की कबड्डीचा पंच म्हणून उभा जन्म शिट्टी फुंकलेला मी असो; मुलीविषयी परस्पर कोणी बोललेले त्यांना खपत नसे.

डोंबिवलीत त्या माझ्या खालच्या मजल्यावर राहत. खेळणाऱ्या बायकांवर माहितीपट करण्यात त्यांचे आयुष्य गेले. परवा ठाण्याला त्यांच्या शोकसभेत एक वक्ते म्हणाले, "शेवटच्या माहितीपटात बाई कचरल्या. मानपाड्याच्या चढाईपटूचा चेहरा त्यांनी गावकीच्या भीतीने गाळला." वाचकहो, हे साफ खोटे आहे. मी तेथे होतो, वक्ते नव्हते.

मानपाड्याची ती सून शिवणवर्गाचे नाव सांगून मैदानावर येई. माहितीपटाच्या प्रदर्शनाच्या सकाळी मी बाईंकडे बसलो असताना तिचा फोन आला, बाईंनी तो स्पीकरवर टाकला. "ताई, आजच्या कार्यक्रमाला आमच्या सासऱ्यांना पाव्हना म्हनून बोलवलाय. मना पन संगती आनतान. त्यांना कललं तं माझा खेल संपला."

मी हादरलो. बाईंना तिचे नाव मीच सुचवले होते. "बाई, कार्यक्रमच रद्द करा!"

"तिला विचारलंत का, काका?" बाई म्हणाल्या आणि फोनकडे वळल्या. "बोल गं. तुझा भाग ठेवू की काढू?"

"तोंड काढा, ताई. आवाज ऱ्हाऊं द्या."

"अगं, ओळखतील!"

"नाय ओळखाचे."

संध्याकाळी भर सभागृहात पडदा चार मिनिटे काळा राहिला. त्या काळोखात दमामागून दम तिचा आवाज घुमत होता, कबड्डी, कबड्डी, कबड्डी. बाई दारापाशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. पहिल्या रांगेत सासऱ्यांच्या एका हाताला सून, दुसऱ्या हाताला मी. अटीतटीच्या सामन्यातही माझ्या तळव्यांना कधी असा घाम फुटला नव्हता.

सासरे पुढे वाकले. कान देऊन ऐकत राहिले. मग हळूच सुनेकडे वळले.

"कोनाची पोर हाय गो ही? आवाज बघ कसा खनखनीत! नायतं तू. बाजूच्या खोलीन पन आयकाला येत नाय."

"हो, बाबा," सून म्हणाली.

मी वळून दाराकडे पाहिले. बाई भिंतीला पाठ घासत मटकन खाली बसल्या होत्या.