माझ्यापेक्षा कमी पर्सेंटाइलची सुजाता

सोमवारी सकाळी क्लासच्या जिन्यात चाचणीची यादी लागायची आणि आम्ही सगळ्या आपलं नाव शोधायला एकमेकींच्या पाठीवर चढायचो. सुजाता सगळ्यांत शेवटी यायची, हातात पेन्सिल आणि वहीचं पान घेऊन. स्वतःचं नाव शोधण्याआधी ती माणसं मोजायची. एकशे वीसच्या वर किती, शंभर ते एकशे वीसमध्ये किती. मी एकदा चिडून म्हणाले, "तुले काय जनगणनेचं काम लागलं काय वं?" ती मोजता मोजताच म्हणाली, "मार्क काय पाह्यतं? गर्दी पाय. दाटी कुठी हाये ते समजलं का आपण कुठी उभे आहो ते समजते."

अमरावतीत क्लासजवळच्या एका घरात आम्ही दोघींनी खोली घेतली होती. दोन कॉट, एक टेबल. ती अकोल्याच्या जुन्या शहरातली, वडील तहसील कचेरीत कारकून. मी अंजनगाव सुर्जीची. माझे वडील शाळेत शिकवतात आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढतात. मी वाचायला शिकले तीच पत्रकांच्या घड्या घालता घालता. जात, हुंडा, शाळेतला भेदभाव, कशावर काय बोलायचं हे मला नववीतच पाठ होतं. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो मजकूर जुळवताना मला त्या यंत्राचंच वेड लागलं. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, तेही अमरावतीच्या सरकारी कॉलेजात, यापलीकडे मला काही नको होतं.

सुजातालाही तेच हवं होतं. पण ती साडेनऊला झोपायची. मी डोळे ताणत बसायचे आणि तिचा संथ श्वास ऐकून माझं डोकं तडकायचं. घरमालकीणबाई भाजीची वाटी "सुजाताले" म्हणून आणायच्या. मला त्यातली मिळायची, पण नाव तिचं. सगळ्यांत जास्त टोचलं ते वेगळंच. एकदा माझे वडील आले, राखीव जागांवरचं नवं पत्रक तिला वाचायला दिलं. तिनं एका परिच्छेदावर बोट ठेवलं. "काका, हे आमच्याबद्दल लिवलं, पण आमाले विचारून नाई लिवलं." वडिलांनी तो परिच्छेद तिथल्या तिथे खोडला. माझ्या सांगण्यावरून त्यांनी आजवर एक काना बदलला नव्हता.

प्रवेश परीक्षेचा निकाल लागला. मला ९८.१ पर्सेंटाइल, तिला ९७.८. दोन वर्षांत मी पहिल्यांदा तिच्या पुढे होते. तिनं मला उचलून गोल फिरवलं. मी हवेत होते तेव्हाही मनात शून्य पूर्णांक तीन, शून्य पूर्णांक तीन असंच म्हणत होते. तिला जरा तरी वाईट वाटायला हवं होतं. तेवढंही सुख तिनं मला दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वडील पेढे घेऊन आले. घरमालकीणबाईंना म्हणाले, "पोरीनं अठ्ठ्याण्णव टक्के पाडले!"

"काका, हे टक्के नाईत," सुजाता म्हणाली. "शंभर पोट्टे रांगीत उभे केले त अठ्ठ्याण्णव ऋतुजाच्या मांगं हायेत, एवढंच. पेपरात त तिचे कितीक प्रश्न चुकले."

"म्हंजे चुकूनबी पुढंच राह्यली न!" वडील खूश होऊन हसले. घरमालकीणबाईही हसल्या. सुजाताचं बरोबर होतं आणि मला तिचं तोंड दाबावंसं वाटत होतं.

मग कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म आला. कोणती शाखा, कोणतं कॉलेज, पहिलं काय, दुसरं काय. मी मोबाइलवर गेल्या वर्षीची यादी काढली. सरकारी कॉलेजातलं कॉम्प्युटर माझ्यापेक्षा जरा वरच्या पर्सेंटाइलला बंद झालं होतं. मी हिशेब केला की न मिळणारं वर लिहिलं तर पहिला पर्याय वाया जाणार. आपल्या स्कोअरला शोभेल ते पहिलं लिहावं. म्हणून पहिल्या ओळीत त्याच कॉलेजातलं इन्स्ट्रुमेंटेशन टाकलं आणि दुसऱ्या ओळीत कॉम्प्युटर.

सुजाता कॉटवर पाय हलवत म्हणाली, "काय लिवून राहिली वं? पयलं तेच लिव जे पायजे. स्कोअर पाहून नको लिवू. भेटते का नाई ते पाहाचं काम त्याईचं हाये, तुह्यं नाई. अन पयल्या फेरीत पयलं भेटलं का जागा पक्की होते, मंग बदलता नाई येत."

"समजते मले," मी म्हणाले आणि फॉर्म दाखवला नाही. रांगेत माझ्या मागे असलेल्या मुलीचा सल्ला मी का घ्यावा? इतकी वर्षं समतेच्या घोषणा दिल्या आणि तीन दशांशांचा फरक मिळताच मी असा विचार करायला लागले.

पहिल्या फेरीत मला माझा पहिला पर्याय मिळाला. इन्स्ट्रुमेंटेशन. जागा पक्की, पुढच्या फेऱ्या बंद. सुजाताला कॉम्प्युटर मिळालं. मला वाटलं, कोणीतरी माझ्या घरात शिरून माझी वस्तू उचलून नेली. मी म्हणाले, "तुले काय, कॅटेगरीतून भेटलं."

राखीव जागा हा उपकार नाही, हक्क आहे, हे ज्या पत्रकांत छापलं होतं त्यांच्या मी घड्या घातल्या होत्या. तरी ते वाक्य माझ्या तोंडून अगदी सहज निघालं, जसं काही जिभेवर तयारच होतं.

सुजाता ओरडली नाही. तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. तिला खुल्या जागेवर प्रवेश मिळाला होता. त्या खुल्या जागांची यादी तिच्या पर्सेंटाइलच्याही खाली उतरली होती. म्हणजे मी कॉम्प्युटर पहिलं लिहिलं असतं तर मला ते तिच्याआधी मिळालं असतं.

"अन कॅटेगरीतून भेटलं असतं," ती म्हणाली, "तरी माह्यंच राह्यलं असतं." त्याच दुपारी तिनं पेटी भरली. घरमालकीणबाईंच्या पाया पडली, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ऑटोत बसून अकोल्याच्या गाडीला गेली.

पुढची दोन वर्षं आम्ही एकाच कॉलेजात, वेगवेगळ्या इमारतींत होतो. मैत्रिणींच्या घोळक्यात हसत जाताना ती दिसायची. मी पत्रकं लिहिली, भाषणं केली, लोक टाळ्या वाजवायचे. तिला पाहिलं की मात्र आधी आठवायचं, माझे जास्त होते.

यंदा जूनमध्ये अकोल्याला गेले. मोर्णा नदीच्या पुलापलीकडे, जुन्या शहरात, विचारत विचारत तिचं घर गाठलं. पर्समध्ये चार पानी माफी लिहून नेली होती. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर गल्लीतल्या बायका आपापल्या पोरींच्या निकालाचे कागद घेऊन बसल्या होत्या, सुजाता मध्ये, त्यांचे प्रवेशाचे फॉर्म भरून देत. तिनं मला पाहिलं. मी कागद काढले तशी म्हणाली, "पत्रक आणलं काय? तोंडानं सांग."

एवढ्या बायकांसमोर मी म्हणाले, "मी तुझ्यावर जळत होते. म्हणून तसं बोलले. चुकलं माझं."

माफ केलं असं सुजाता म्हणाली नाही. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "बाई, तुमालेबी हिच्यासारखेच मार्क होते काय?"

"माझे हिच्यापेक्षा जास्त होते," मी म्हणाले. मला थांबवताच आलं नाही.

सुजाता खदखदून हसली. दोन वर्षांनी मी ते हसू माझ्यासमोर ऐकत होते. "खरं हाये, काकू. तरी मी कॉम्प्युटरले अन हे इन्स्ट्रुमेंटेशनले. कसं झालं ते मी नाई सांगत, हिलेच विचारा." आणि तिनं त्या बाईंच्या मुलीचा कोरा फॉर्म माझ्या मांडीवर ठेवला.

मी सांगितलं. पहिल्या ओळीत काय लिहिलं, का लिहिलं, कोणाचं ऐकलं नाही, सगळं. बायका मान हलवत ऐकत होत्या. सुजाता माझ्याकडे पाठ करून पुढच्या मुलीचा निकाल बघायला लागली होती. मी त्या बाईंना विचारलं, "तुमच्या पोरीला काय हवंय?" आणि त्या सांगतील ते लिहायला पेन उघडला.