फळा सरांची पाठ

आमच्या भूमितीच्या सरांची पाठ वाचता यायची. शिकवता शिकवता ते फळ्याला टेकत आणि वळले की राखाडी सदऱ्यावर अर्धं वर्तुळ उमटलेलं दिसे. अंबरनाथच्या आमच्या शाळेत सगळे त्यांना 'फळा सर' म्हणत. त्यांनाही ते ठाऊक होतं.

सरांना व्यसन एकच. मास्तर नायक असलेला सिनेमा लागला की उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये जाऊन तो बघायचा आणि सोमवारी वर्गात त्याची चिरफाड करायची. "आला, एक भाषण ठोकलं, गुंड पोरं सुधारली. पेपर कधी तपासले त्यानं? तीन तासांत एकदाही फळा पुसला नाही."

मागच्या बाकावरच्या लच्छूच्या वडिलांचा कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवायचा कारखाना होता. तो एकदा म्हणाला, "सर, फिर भी हर बार जाते हो."

"शेवटासाठी जातो रे. मास्तर निवृत्त होतो आणि अख्खी शाळा रडत फाटकापर्यंत येते. आमच्याकडे पुढच्या तासाची घंटा होते."

सर हसत म्हणाले, पण लच्छूनं ते मनावर घेतलं.

आम्ही दहावीत असताना सर निवृत्त झाले. सकाळी सत्कार झाला. अध्यक्ष पाऊण तास बोलले, बहुतेक स्वतःबद्दल. सरांनी शाल घडी करून टेबलावर ठेवली आणि शेवटच्या तासाला नेहमीसारखी स्पर्शिका शिकवली.

शाळा सुटताच लच्छूनं आम्हाला फाटकाशी दोन्ही बाजूंना उभं केलं. "सर आले की रडायचं. नाहीच आलं रडू, तर मान खाली."

सर आले, थबकले.

"ही काय रांग आहे? उंचीप्रमाणे उभे राहा. लच्छू, वरचं बटण."

आम्ही मुकाट्यानं उंचीप्रमाणे उभे राहिलो. लच्छूनं बटण लावलं. या गडबडीत रडायचं राहूनच गेलं. सर मधून सावकाश चालत गेले, एकेका चेहऱ्याकडे बघत, कवायतीची तपासणी करावी तसे.

फाटकाबाहेर गेल्यावर मात्र ते थांबले. सिनेमा असता तर कॅमेरा समोर गेला असता. आम्हाला फक्त पाठ दिसली. तिच्यावर खडूचं वर्तुळ होतं, त्याला टेकलेली एक रेघ होती, आणि ती रेघ किंचित हलत होती. मग ती पाठ स्टेशनच्या दिशेनं लहान होत गेली.

सरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. सिनेमात मास्तर आला की मी अजून आधी त्याची पाठ बघतो. कोरी असते.