उगाळेपर्यंत गप्प

आमच्या घरी पथ्य पाळणारी मी एकटीच आहे, आणि त्याचे परिणाम माझी मुलगी भोगते आहे.

आमचे 'हे' एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यातून नाही. गेल्या वर्षी तोंड असं सोलून निघालं की वरणभातही झोंबायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, खर्रा बंद करायला सांगितलं. फरक शून्य! (खर्रा बंद झालाच नव्हता, तो भाग वेगळा.) आणि लेकीचं, प्राचीचं, साक्षगंध आठ दिवसांवर! पोरगा सिंदीचा, तिच्याच पसंतीचा. तिचे पाय जमिनीवर टिकत नव्हते.

देवळीच्या बाजारात जडीबुटी घेऊन बसणारी कौसल्यामावशी म्हणाली, "जंगलात सुकल्या खोडाले टेकोडा लागते, कुत्र्याच्या छत्रीवानी, पन लाकडासारखा कडक. थो सहानीवर उगाळून तोंडाले लाव. पन तोडाले घरचंच मानूस पायजे."

"मीच येतो मंग!" मी म्हणाले.

"अन् तोडल्यापासून उगाळेपर्यंत बोलाचं नाई. एक शबद निंघाला, का टेकोडा फेकून परत जंगल!"

घरी हे ऐकून नवरा दुखऱ्या तोंडानं खो खो हसला. मला असा संताप आला म्हणता!

मावशीचं गाव सेलूच्या पलीकडे, जंगलाला लागून. संध्याकाळी आम्ही झाडाला हळद-तांदूळ वाहून न्योता दिला, "उद्या नेतो, रागावू नोको." सकाळी मावशीनं दाखवला तसा अर्धा टेकोडा तोडला, अर्धा झाडाला ठेवला, आणि मी ओठ शिवले. सेलूच्या स्टँडपर्यंत सगळं छान चाललं.

स्टँडवर समोर कोण? होणारे व्याही आणि विहीणबाई!

"अवो, तुमी इकडं कशा?" विहीणबाईंनी विचारलं.

मी हसले.

"घरी बरे हायेत ना सगळे?"

मी आणखी हसले. मोबाइलवर लिहून दाखवावं, तर चष्मा मावशीच्या घरी राहिलेला! शेवटी आधी तोंडाकडे बोट दाखवलं, मग पिशवीतून टेकोडा काढून वर धरला. विहीणबाई दोन पावलं मागे सरल्या. (त्यांना वाटलं, मारते!)

"काऊन वो, नाराज हाय का आमच्यावर?" त्यांनी घाबरत विचारलं. नेमकं तेव्हाच व्याही म्हणाले, "साक्षगंधाले पन्नासाचे साठ मानसं आनले तं चालन ना?"

मी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही! ती मान विहीणबाईंसाठी होती. घेतली व्याह्यांनी. दोघंही चेहरा पाडून बसमध्ये चढले.

एक शब्द बोलले असते तर निभावलं असतं. पण नवऱ्याचं ते हसणं आठवलं, आणि मी हट्टानं देवळीपर्यंत गप्प राहिले.

घरी येऊन टेकोडा उगाळला, ह्यांच्या तोंडात लेप भरला, आणि जी बोलत सुटले! सगळं ऐकून प्राची रडकुंडीला आली. "बाबा, तुम्ही फोन करा!" पण बाबांच्या तोंडात लेप! ते बिचारे दोन्ही हातांनी मला 'तू नको, तू नको' करत होते, तोवर मी फोन लावलासुद्धा.

पाच मिनिटं मी अगदी गोड बोलले. मग विहीणबाई म्हणाल्या, "आजच्या जमान्यात त्या जंगली बाईच्या नादी लागता तुमी?"

झालं! "तिले जंगली म्हनाचं नाई!" इथून जी सुरू झाले, ती त्यांच्या साठ माणसांवर आले, तिथून पोराच्या विरळ केसांवर, आणि शेवटी त्यांच्या घरच्या पातळ चहावर जाऊन थांबले. सकाळपासूनचं तुंबलेलं होतं ना!

पलीकडून विहीणबाईंचा शांत आवाज आला, "सकाळी तुमी चूप होत्या, तवा आमी म्हटलं, असन सोभाव. पोराची पसंती हाय, करून टाकू. पन आता बोलल्या तुमी. राह्यू द्या सोयरीक."

ह्यांचं तोंड बरं झालं. टेकोड्यानं, की धसक्यानं खर्रा सुटला म्हणून, कोण जाणे! प्राची मात्र महिनाभर नीट जेवली नाही. तिच्याकडे बघवत नव्हतं मला. एकदा हिंमत करून समजवायला गेले, "प्राची, मी फक्त..."

"आई, तू बोलू नको. काहीच बोलू नको."

तेव्हापासून तिच्यासमोर गप्प असते, म्हणून हे लिहून काढलं. चारच ओळी लिहिणार होते!