रस्त्याकडचा वर्ग

एरंडोलची आमची मुलींची शाळा हमरस्त्याला अगदी खेटून होती. शाळा जुनी, रस्ता नंतर रुंद झालेला. धुळ्याहून जळगावकडे जाणारी प्रत्येक गाडी आमच्या खिडकीखालून जायची. ऐंशी सालानंतर कापसाचे, केळीचे ट्रक इतके वाढले की आठवीला कविता शिकवताना अर्धी ओळ माझी आणि अर्धी हॉर्नची व्हायची. खिडक्या लावल्या तर मुली घामाने निथळायच्या, उघडल्या तर आवाज आणि धूळ. मी घसा ताणून शिकवायचे. घरी गेल्यावर नवरा म्हणायचा, "हळू बोल ना, मी समोरच बसलोय."

माझ्यानंतर लागलेल्या भूगोलाच्या बाईंना मात्र मागच्या बाजूचा, कडुनिंबाच्या सावलीतला वर्ग मिळाला होता. त्यांचा आवाज बारीक, बोलणं सावकाश. "त्यांच्या तासाला किती छान वाटतं," असं मुली माझ्यासमोरच म्हणायच्या. मी मनात म्हणायचे, एक दिवस माझ्या वर्गात उभं राहून दाखवा म्हणावं.

मी मुख्याध्यापकांच्या मागे लागून रस्त्याच्या कडेला पाटी लावून घेतली. 'पुढे शाळा आहे, हॉर्न वाजवू नये.' लाल अक्षरं मी स्वतः उभी राहून रंगवून घेतली होती. पण पाटीच्या भरवशावर मुली तिथूनच रस्ता ओलांडायला लागल्या आणि त्यांना बघून ड्रायव्हर नेमके तिथेच हॉर्न दाबायला लागले. शिक्षकांच्या खोलीत सगळे हसले. भूगोलाच्या बाई हसल्या नाहीत, याचाही मला राग आला.

पुढच्या बैठकीत त्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, "सर, शिवणाची खोली, भांडार, ऑफिस हे सगळं मागे आहे. ते रस्त्याकडे आणलं आणि वर्ग मागे नेले तर? शिवणयंत्रांना गाड्यांचा काय त्रास?"

मुख्याध्यापक म्हणाले, "हे आपल्याला आधी का नाही सुचलं?"

'आपल्याला' म्हणताना ते माझ्याकडे बघत होते, असं मला वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत कपाटं हलली, बाकं हलली. रस्त्याकडच्या मोठ्या खिडक्या अर्ध्यापर्यंत विटांनी बुजवल्या. तरी एक वर्ग पुढेच उरला, कारण मागे जागाच नव्हती. तो कोणी घ्यायचा यावर सगळे एकमेकांकडे बघत असताना त्या म्हणाल्या, "मी घेते. माझा वर्ग या बाईंना द्या. इतकी वर्षं त्यांनीच सोसलंय."

मला हवं ते मिळालं होतं, पण आभार मी त्यांच्याकडे न बघताच मानले.

पहिल्याच दिवशी मी कडुनिंबाजवळच्या वर्गात धडा सुरू केला. चांगली दोन पानं झाली असतील. पहिल्या बाकावरची, खेड्यातून येणारी मुलगी घाबरत उभी राहिली. "बाई, आठे गाड्यासना आवाज नही शे ना," म्हणाली. मग आपण अहिराणीत बोललो हे लक्षात येऊन तिने दुरुस्त केलं, "इथे गाड्या नाहीत, बाई. तुम्ही इतकं मोठ्याने का बोलतात?"

वर्ग हसला. मी आवाज उतरवला, पण चार ओळींनी तो पुन्हा चढला. ही सवय माझ्याकडून कधीच पुरती सुटली नाही.

तिकडे पुढच्या वर्गासमोरून जाताना मी मुद्दाम रेंगाळायचे. भूगोलाच्या बाईंची फजिती बघायची होती. ट्रक जवळ आला की त्या बोलणं थांबवायच्या. खडू उचलून फळ्यावर नदी काढायच्या, मुली खाली मान घालून वहीत तीच नदी काढायच्या. ट्रक गेला की वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे. ना चिडचिड, ना घसा ताणणं.

काही वर्षांनी त्यांच्या यजमानांची बदली दीपनगरच्या वीज केंद्रात झाली. निरोपाच्या दिवशी मुली हुंदके देऊन रडल्या. मी हार घातला, फोटोत शेजारी उभी राहिले. नंतर मुख्याध्यापकांनी विचारलं, "आता पुढचा वर्ग कोणाला द्यायचा?"

"मला द्या," मी म्हणाले. त्यांना जमलं ते मला का जमू नये, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेऊन मी कविता सुरू केली आणि एक भरलेला ट्रक आला. सवयीने मी आवाज चढवला. बघते तर एकही मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. सगळ्या जणी खाली मान घालून वहीत ओळ उतरवत होत्या. ट्रक दूर गेला तशा चाळीसेक माना एकदम वर आल्या आणि मागच्या बाकावरची एक म्हणाली, "आता सांगा, बाई."

मी तीच ओळ पुन्हा, पहिल्यापासून म्हटली.