गोलमध्ये दोन हिवाळे

नागपूरला चौथी पास झालो आणि त्याच वर्षी आम्ही न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला राहायला आलो. बाबा आमच्या आधी वर्षभर येऊन नोकरीत स्थिरावले होते. मला इंग्रजी वाचता यायचं, पण वर्गातली मुलं बोलायची ते कळायचं नाही. मधल्या सुट्टीत मुलं सॉकर खेळायची. गोलमध्ये उभं राहायला कुणी तयार नसायचं, म्हणून ती मला हाताने खूण करून तिथे उभं करायची. मला ते बरं वाटायचं. तिथे कुणाशी बोलावं लागत नव्हतं आणि चेंडू आला की काय करायचं ते कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं.

हायस्कूलच्या टीममध्ये गेलो तेव्हा मात्र चेंडूचा मार बसायला लागला. खरं म्हणजे चेंडूचा नाही, जमिनीचा. मी अंग टाकायचो ते पोतं टाकल्यासारखं. कंबरेच्या हाडावर काळेनिळे डाग पडलेले असायचे आणि कोपरं कायम सोललेली. एका शनिवारी आईने शर्ट वर करून ते पाहिलं. रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "कसा पडतोस ते दाखव."

"कुठे?"

"इथेच. फॅमिली रूममध्ये."

मी गालिच्यावर पडून दाखवलं. कपाटातल्या काचा वाजल्या. आईने टीपॉय भिंतीशी सरकवला, पदर खोचला आणि खोलीच्या त्या टोकाला जाऊन उभी राहिली. "उंचावरून पडतोस म्हणून लागतं," ती म्हणाली. "आधी खाली जायचं. गुडघा वाकवायचा, जमीन जवळ आणायची आणि मग अंग लांब सोडायचं." एवढं बोलून ती दोन पावलं धावली आणि तिने सूर मारला. हात पुढे, हनुवटी वर, अंग सपाट. जवळजवळ सोफ्यापर्यंत घसरत गेली. आवाज झाला तो फक्त बांगड्यांचा.

माझी आई तेव्हा चाळिशीला आली होती. तिला मी कधी बसमागे धावतानाही पाहिलं नव्हतं.

बाबा चहाचा कप घेऊन दारात आले. "काय चाललंय?"

"त्याला पडता येत नाही," आई म्हणाली आणि उठून निऱ्या सारख्या करायला लागली.

मग कळलं की ती कॉलेजात असताना खो-खो खेळायची, विद्यापीठाच्या टीममध्ये होती आणि खांबापाशी सूर मारून गडी बाद करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे सगळं बाबांनी सांगितलं, तेही ऐकीव. तिला विचारलं तर म्हणाली, "लग्न ठरलं तेव्हा सीझन चालू होता. राहिलं मग." त्यापुढे तिने विषय वाढवला नाही. पण रोज संध्याकाळी पोळ्या करायच्या आधी पंधरावीस मिनिटं ती मला त्या गालिच्यावर पाडायची. डाव्या अंगावर, उजव्या अंगावर, बसल्या जागेवरून, उभ्याने. महिन्याभरात डाग कमी झाले.

तिथून पुढे गाडी रुळावर आली. जवळच्याच युनिव्हर्सिटीत इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगला गेलो आणि त्यांच्या टीमचा गोलकीपर झालो. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. तेव्हा अमेरिकेत हिवाळ्यात इनडोअर सॉकर चालायचं. बंद स्टेडियममध्ये, आइस हॉकीच्या रिंकवर हिरवा गालिचा अंथरून, एका बाजूला सहा जण. भोवती लाकडी कठडे, चेंडू त्यांच्यावर आपटून परत मैदानात. डिग्री हातात आली त्याच महिन्यात पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या क्लबने मला ट्रायलला बोलावलं आणि ठेवून घेतलं. पगार जेमतेम होता, पण पगार होता. म्हणजे मी प्रोफेशनल खेळाडू होणार होतो.

त्याच वेळी माझ्याकडे एका टेलिफोन कंपनीची ऑफरही होती. बाबा लॉन कापत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. त्यांनी मशीन बंद केलं.

"कंपनीवाले थांबतील का तुझ्यासाठी?"

"नाही थांबणार."

"मग तू मला विचारतोयस की सांगतोयस?"

मी बुटाला चिकटलेलं गवत काढायला लागलो.

"विचारत असशील तर माझं उत्तर नाही असं आहे," बाबा म्हणाले. "आणि सांगत असशील तर गाडीचं ऑइल बदलून घे. रस्ता लांबचा आहे."

ऑइल मग आम्ही दोघांनी मिळूनच बदललं. गणपतीला मंडळाच्या कार्यक्रमात एका काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, इंजिनियर होऊन आता बॉल अडवणार म्हणे?" मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "हो, दोन वर्षं अडवू दे. मग बघू." दोन वर्षांचा आकडा त्यांनी तिथल्या तिथे ठरवला होता. मला तोपर्यंत माहीत नव्हता.

क्लबचं गाव पोलादाचं होतं. अर्धे कारखाने बंद पडलेले. शनिवारी संध्याकाळी लोक मॅचला यायचे, कारण स्टेडियम उबदार असायचं आणि तिकीट परवडायचं. ऊब प्रेक्षकांना असायची, आम्हाला नाही. गालिच्याखाली लाकडी फळ्या आणि फळ्यांखाली बर्फ, तसाच ठेवलेला. उभं राहिलं की तळपायांतून थंडी वर यायची आणि पडलं की गालिचा कातडी सोलून काढायचा. तरी तिथे पोचल्यावर पहिल्या आठवड्यात मी इतका खूश होतो की सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचो.

पहिला गोलकीपर एक इंग्रज होता. चौतीस-पस्तिशीचा, उंच, केस विरळ झालेले, दोन्ही हातांच्या करंगळ्या वाकड्या. इंग्लंडमध्ये बारा-तेरा वर्षं खालच्या डिव्हिजनमधून खेळून मग तो अमेरिकेत आला होता. मी त्याचा राखीव. पहिला अख्खा हिवाळा मी बाकावर काढला. बाकावर बसून काय करायचं हेही त्याने मला शिकवलं. "चेंडू बघू नकोस," तो म्हणायचा. "चेंडू सगळे बघतात. ज्याच्याकडे चेंडू नाही तो कुठे निघालाय ते बघ." प्रॅक्टिसला तो माझ्याशी कडक वागायचा, पण आडपडदा ठेवायचा नाही. जागा जाईल म्हणून हातचं राखून शिकवणारे मी नंतर नोकरीत खूप पाहिले. हा तसा नव्हता.

त्याची एक सवय होती. गोल झाला की जाळीतला चेंडू तो स्वतः जाऊन काढायचा. बचावातला एखादा घाईने काढायला धावला तर त्याला थांबवायचा. मी एकदा कारण विचारलं. "माझ्यामागे गेलाय," तो म्हणाला. "मीच आणणार."

दुसऱ्या हिवाळ्यात, सीझन निम्म्यावर असताना, एका मॅचमध्ये तो कठड्यावर आपटला आणि त्याचा खांदा निखळला. त्याला आत नेलं आणि कोचने माझ्याकडे बघून मान हलवली. दीड वर्ष मी याच क्षणाची वाट पाहत होतो, पण उठलो तो हातमोजे बाकावरच विसरून. त्या दिवशी उरलेला वेळ कसाबसा निभावला. पुढच्या शनिवारी मात्र पहिल्यापासून मीच होतो आणि माझी दाणादाण उडाली. इनडोअरमध्ये गोल भरपूर होतात हे खरं, पण त्या रात्री कठड्यावरून परत येणारा प्रत्येक चेंडू मला फसवत होता. लोक आधी ओरडले, मग हसले, शेवटी गप्प झाले. गप्प होणं सगळ्यात वाईट होतं.

मॅचनंतर तो हात झोळीत अडकवून ड्रेसिंग रूममध्ये आला आणि माझ्या शेजारी बसला. मी म्हटलं, "आता मला काढतील."

"मला काढलं होतं," तो म्हणाला. "पहिल्या मॅचमध्ये पाच गोल खाल्ले आणि वर्षभर पुन्हा मैदान दिसलं नाही. पण त्यांच्याकडे दुसरा गोलकीपर होता. इथे दुसरा तू आहेस. नशीबवान आहेस."

मला हसू आलं, आणि मग थोडं रडूही आलं. तो उठला नाही.

खांद्यामुळे तो आता खेळू शकत नव्हता आणि एकटा राहत होता. आईला हे कळलं तशी ती म्हणाली, "जेवायला घेऊन ये त्याला." एका रविवारी मी त्याला गाडीत घालून पिस्कॅटवेला आणलं. आईने भरली वांगी केली होती, त्यातलं तिखट कमी केलं होतं, तरी त्याचं नाक लाल झालं. त्याने दोनदा घेतली. जेवताना आईने आपल्या इंग्रजीत विचारलं, "तुम्ही सुरुवात कशी केलीत?"

तो सोळाव्या वर्षी शाळा सोडून गावातल्या क्लबमध्ये शिकाऊ म्हणून लागला होता. पहिली दोन वर्षं निम्मा दिवस मोठ्या खेळाडूंचे बूट साफ करायचे, पायऱ्या झाडायच्या, उन्हाळ्यात प्रेक्षकांच्या स्टँडला रंग द्यायचा. सराव दुपारनंतर, चिखलात. अठराव्या वर्षी मैदानावर उतरला आणि ते पाच गोल झाले. त्यानंतरचं वर्ष त्याने पुन्हा रंग देण्यात आणि राखीव टीममध्ये काढलं.

"आणि तुमची आई? ती काय म्हणायची?"

तो म्हणाला, "ती कधी मॅचला आली नाही. आमचं घर ग्राऊंडच्या जवळच होतं. ती गल्लीच्या टोकापर्यंत यायची आणि आवाज ऐकायची. लोक ओरडले की आपल्या टीमचा गोल. आवाज एकदम बंद पडला की समजायची, माझ्यावर झाला. मग घरी जाऊन चहा ठेवायची."

आईने त्याच्या पानात आणखी भात वाढला.

जेवणानंतर मी सहज म्हणालो की मला पहिल्यांदा पडायला आईने शिकवलं. त्याला आधी खरंच वाटेना. मग तो सरसावून बसला. त्याचं म्हणणं, गोलकीपरने कुशीवर पडावं, आधी चेंडू जमिनीला टेकवावा आणि मग अंग. आईचं म्हणणं, त्याने हात आखडतो, हात लांब गेला पाहिजे, अंग येतं मागून. दोघंही उठून उभे राहिले. पण त्याचा हात झोळीत, आणि आईची कंबर गेल्या वर्षापासून धरलेली. पडून दाखवणार कोण? दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

तासभर त्यांनी मला त्या जुन्या गालिच्यावर पाडलं. तो सोफ्याच्या पाठीवरून उशा फेकत होता, आई बाजूला उभी राहून "उशीर झाला" म्हणत होती. कधी तो तिचं ऐकायचा, कधी ती त्याचं. बाबा स्टँडचा दिवा हातात धरून कोपऱ्यात उभे होते, तो पडू नये म्हणून. शेवटी दोघांचं एकमत झालं की उजवीकडे जाताना मी आधी वळून बघतो आणि मग निघतो, त्यातच वेळ जातो. डावीकडे मी नुसता जातो. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि मलाही जाणवलं नव्हतं.

सुधारणा एका दिवसात झाली नाही. पुढच्या दोन मॅचेस आम्ही हरलोच, पण थोडक्यात. मग एक जिंकलो, मग आणखी एक. सीझनच्या शेवटाकडे आई-बाबा पहिल्यांदा मॅच बघायला आले. आई कठड्याच्या मागे, पहिल्या रांगेत, कोट अंगात घट्ट ओढून बसली होती. त्या दिवशी मी चांगला खेळलो. शेवटच्या मिनिटांत त्यांच्या फॉरवर्डने अगदी जवळून मारलेला चेंडू मी उजवीकडे जाऊन बाहेर काढला, आणि उठताना पाहिलं तर आई खुर्चीच्या कडेला येऊन, पुढे वाकून बसली होती. टाळ्या वाजवत नव्हती. तिचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, आता उठून धावेल अशी.

मी त्यांच्याबरोबरच घरी निघालो. बाबा गाडी चालवत होते, आई पुढे, मी मागे पाय लांब करून. मग आई नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "मला अजून खेळायचं होतं."

बाबांनी वेग कमी केला. ते म्हणाले, "मला कुणी सांगितलं नव्हतं."

"तुम्ही विचारलं नव्हतं."

त्यात भांडण नव्हतं. बाबांनी मान हलवली आणि म्हणाले, "नाही विचारलं." हायवेवरचं पुढचं एक्झिट आमचं नव्हतं, तरी त्यांनी गाडी तिथे वळवली. एका डायनरमध्ये आम्ही तिघांनी कॉफी घेतली आणि बाबांनी तिला विचारायला सुरुवात केली. कुठल्या मैदानावर, कुणाबरोबर, कोण जिंकायचं. आई सांगत होती. मी ऐकत होतो. पंचवीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्यांच्यात पहिल्यांदाच होत होती, आणि माझी मॅच त्या रात्री कुणाच्या लक्षातही नव्हती.

वसंतात क्लब बंद झाला. मालकाला परवडेना. आम्हाला एका मीटिंगमध्ये सांगितलं आणि आपापलं सामान घेऊन जायला सांगितलं. इंग्रज टेक्सासला गेला, प्लेनोजवळच्या एका शाळेत मुलांना शिकवायला. खांदा पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही, पण फोनवर कुरकुर करायचा ती फक्त उन्हाची. मी दुसऱ्या एक-दोन क्लबांना विचारून पाहिलं. एकाने थांबा म्हटलं, एकाने उत्तर दिलं नाही. उन्हाळा सुरू झाला तसा मी नोकरीचे अर्ज करायला लागलो. बाबांनी दोन वर्षांची आठवण करून दिली नाही. तशी गरजही नव्हती.

नोकरी लागली ती घरापासून वीस मिनिटांवर. पहिल्याच आठवड्यात कॅफेटेरियात शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने विचारलं, डिग्रीनंतर दोन वर्षं कुठे होतास? मी सांगितलं. त्याने सँडविच खाली ठेवलं आणि विचारलं, "चांगला होतास?"

मी म्हणालो, "दुसऱ्या वर्षी बरा होतो."