बादशाह सरांची ट्यूब

भूल देताना बादशाह सर पेशंटच्या कानाशी वाकून म्हणायचे, “डोये मिटा अन् सेमाडोहच्या जंगलात जाऊन या. वाघ दिसला तर माहा नमस्कार सांगजा.” टेबलावर थरथरणारा माणूस हसायचा आणि हसतच झोपी जायचा. एवढी एक गोष्ट मी त्यांच्याकडून उचलली. तिचे उपकार मानते. बाकी कशाचे मानायचं कारण नाही.

‘बादशाह’ हे नाव अकोल्यातल्या सर्जन मंडळींनी ठेवलेलं. सर कुणालाच नाही म्हणत नसत. पेशंट चहा पिऊन आलाय? चालते. रिपोर्ट यायचेत? येतीन. असा भूलतज्ज्ञ मिळाला की सर्जनला देव भेटल्यासारखं होतं. मी शिक्षण संपवून त्यांच्या हाताखाली रुजू झाले तेव्हा मलाही ती हिंमत वाटली होती. तो निव्वळ आळस आहे हे कळायला फार वेळ लागला नाही.

केस सुरू होण्याआधी मी मशीन तपासायला लागले की ते खुर्चीत पाय पसरून हसायचे. “काय करून राहिली वं? रातच्यातून बदललं का ते?” खिशातल्या कंगव्याने केस सारखे करायचे, मनगटाला अत्तर लावायचे आणि मोबाईल उघडायचे. पेशंट झोपला की त्यांच्या लेखी केस संपलेली असे.

सगळ्यात किळस यायची ती त्यांच्या ट्यूबांची. घशातून श्वासनलिकेत घालायची ही नळी एकदाच वापरायची असते. सर ती धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरत. मानेच्या ऑपरेशनला लागणारी तारेचं वेटोळं असलेली ट्यूब तर त्यांच्या खास जिव्हाळ्याची. मोरीपाशी घमेल्यात त्या वाळत पडलेल्या असत. मी काही बोलले की म्हणत, “चांगली चीज फेकाची काहून?”

सुमनबाई अकोटकडच्या. घरचा भाजीपाला, बाजारात स्वतः बसून विकायच्या. गळ्याची गाठ काढायची होती. सरांनी त्यांना सेमाडोहला पाठवलं, घमेल्यातली ट्यूब घातली आणि खुर्ची गाठली. ऑपरेशन अर्ध्यावर आलं असेल, माझ्या हातातली श्वासाची पिशवी दबेना. दगडासारखी कडक. छाती हलत नव्हती. ऑक्सिजन उतरू लागला, मॉनिटरचा आवाज खोल जाऊ लागला.

“दमा हाय बाईले,” सर खुर्चीतूनच म्हणाले. “इंजेक्शन दे.”

दिलं. फरक नाही. आणखी एक दिलं. पिशवी तशीच. मी मशीन सोडवून हाताने दाबायची साधी पिशवी लावली, तीही दबेना. म्हणजे मशीनचा दोष नव्हता. ट्यूबमधून सक्शनची बारीक नळी घालून पाहिली, ती मध्येच अडली.

“सर, ट्यूब बंद झालीय. काढू या.”

“मी टाकलेली ट्यूब हाय ते.” आता ते उठून आले होते, पण पेशंटकडे न बघता माझ्याकडे बघत होते. “हात नको लावजो.”

सुमनबाईंचे ओठ काळेनिळे पडले होते. सर्जनने जखमेवर कापड दाबून धरलं होतं आणि तोही सरांच्या तोंडाकडे बघत होता. मी ट्यूबच्या फुग्यातली हवा सोडली, ट्यूब ओढून काढली आणि मास्क लावला. पिशवी मऊ झाली. छाती वर आली. मॉनिटरचा आवाज हळूहळू चढत गेला. मग मी नवी ट्यूब घातली.

केस संपल्यावर काढलेली ट्यूब कात्रीने उभी कापली. पुन्हा पुन्हा धुऊन आतला थर सुटला होता, फोडासारखा फुगून त्याने वाटच बुजवली होती. सरांनी तुकडा उलटापालटा केला. “कंपनीचाच माल खराब,” म्हणाले आणि बादलीत टाकला.

बाहेर सुमनबाईंचा नवरा उभा होता. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “दमा उठला होता. पण आमी होतो ना.” तो माणूस त्यांच्या पाया पडला. सरांनी पडू दिलं. दुसऱ्या दिवशी त्याने पेरूची टोपली आणली. सरांनी त्यातले दोन मला दिले. घमेल्यात तेव्हाही ट्यूबा वाळत होत्या.

मी काम सोडलं. “लई भित्री हायेस तू,” हा त्यांचा निरोप.

मी अमरावतीला आले. काही वर्षांनी एका दुपारी सर माझ्यासमोर उभे राहिले. त्यांच्या बायकोचं, काकूंचं, पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. अकोल्यात त्यांच्या शब्दावर चालणारे सर्जन होते, त्यांच्या हाताखाली तयार झालेले भूलतज्ज्ञ होते. ते सगळे ओलांडून, मूर्तिजापूरमार्गे गाडी हाकत ते काकूंना माझ्याकडे घेऊन आले होते.

काकूंना आत नेताना त्यांनी माझी बाही धरली. अत्तर नव्हतं, केस विस्कटलेले होते. खालच्या आवाजात म्हणाले, “पोरी, ट्यूब नवी घेजो बरं.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. सुमनबाईंच्या वेळीही आणि त्यांच्या आधीही.

“सर,” मी म्हणाले, “इथं सगळ्यांनाच नवी असते.”

त्यांनी बाही सोडली. मी आत गेले, काकूंच्या कानाशी वाकले आणि त्यांना सेमाडोहला पाठवलं.